स्कॅरब: इजिप्तच्या पवित्र शेणकिड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तबद्दल काहीही लिहिलं की ममी आणि पिरॅमिडच्या पाठोपाठ तिसरा प्रश्न हमखास या किड्याचा येतो. कुणी लक्सरहून आणलेल्या निळ्या भुंगेऱ्याचा फोटो पाठवतं, कुणाला टॅटू काढायचा असतो, कुणाच्या मुलाने सिनेमा पाहून झोप घालवलेली असते. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्कॅरब म्हणजे नक्की काय? किडा, दागिना की देव?

तिन्ही. मुळात स्कॅरब म्हणजे शेणाची गोळी करून ढकलत नेणारा काळा भुंगेरा. त्याचं शास्त्रीय नाव स्कॅराबियस सेसर, म्हणजे 'पवित्र भुंगेरा'. या किड्याच्या आकारात घडवलेल्या ताइतालाही स्कॅरबच म्हणतात. संग्रहालयात तुम्ही पाहता ते हे. आणि खेप्री नावाच्या सूर्यदेवाचं तर रूपच हा किडा आहे (प्रश्न ५ पाहा). 'स्कॅरब' हा शब्द लॅटिनमधून आला. इजिप्तचे लोक स्वतः याला स्कॅरब म्हणत नसत. त्यांचा शब्द 'खेपेर', आणि सगळी गंमत त्या शब्दात आहे. ती प्रश्न ४ मध्ये.

२. शेणात लोळणारा किडा पवित्र कसा काय?

हा प्रश्न युरोपातल्या माणसाने विचारला तर समजू शकतो. ज्यांच्या घरी अंगण शेणाने सारवलं जातं त्यांनी नाक मुरडायचं कारण नाही.

इजिप्तच्या माणसाने काय पाहिलं ते बघा. सकाळी ऊन तापू लागलं की हा किडा उडत येतो, शेणाच्या पोवाला भिडतो, पुढच्या पायांनी त्याचा गोळा तोडतो, थापून थापून गोल करतो. मग डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, आणि स्वतःहून मोठा तो गोळा उलटा चालत ढकलत नेतो. मऊ वाळूत खड्डा करून गोळ्यासकट जमिनीत गडप होतो. काही काळाने त्याच जमिनीतून नवाकोरा, चकचकीत किडा वर येतो. आकाशातला तो दुसरा गोळाही रोज कुणीतरी ढकलल्यासारखा सरकतो, संध्याकाळी जमिनीत जातो आणि सकाळी पुन्हा वर येतो. एवढं पाहिल्यावर दोन्ही गोष्टी एकच वाटल्या तर नवल नाही.

किड्याचं डोकं जवळून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. डोक्याच्या पुढच्या कडेला सहा दाते असतात, उगवत्या सूर्याच्या किरणांसारखे पसरलेले. चांगल्या कारागिराने घडवलेल्या ताइतावर ते मोजून घेता येतात.

३. शेणाच्या गोळ्यातून खरंच पिल्लू निघतं का?

निघतं, पण रस्त्यावर ढकलत नेलेल्या प्रत्येक गोळ्यातून नाही. बहुतेक गोळे म्हणजे किड्याची शिदोरी: पुरायची आणि निवांत बसून खायची. अंड्यासाठीचा गोळा मादी जमिनीखाली वेगळा घडवते. तो नासपतीसारखा एका टोकाला निमुळता असतो आणि अंडं त्या निमुळत्या टोकात असतं. फ्रेंच कीटकनिरीक्षक झाँ-आँरी फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चिकाटीने पाहून हे नीट मांडलं. त्याआधी ग्रीक-रोमन लेखक सांगत की या जातीत मादीच नसते, नर एकटाच गोळ्यातून प्रजा निर्माण करतो. प्लुटार्कनेही हे लिहून ठेवलं आहे. मादी असते, आणि कष्टही तिचेच जास्त.

जाता जाता: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की आफ्रिकेतला याचाच एक निशाचर भाऊबंद गोळा सरळ रेषेत नेण्यासाठी आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतो. संशोधकांनी किड्यांना तारांगणात नेलं, काहींच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्याही घातल्या. इजिप्तच्या पुरोहितांना हे कळलं असतं तर त्यांनी एखादं देऊळ जास्त बांधलं असतं.

४. 'खेपेर' या शब्दाचा अर्थ काय? पुनर्जन्म?

इंटरनेटवर सगळीकडे 'पुनर्जन्म' लिहिलेलं असतं. चूक नाही, पण ढोबळ आहे. 'खेपेर' हे क्रियापद आहे आणि त्याला मराठीत अगदी तंतोतंत शब्द आहे: होणे.

आपण म्हणतो 'सकाळ झाली'. 'तिला मुलगी झाली'. 'तो मोठा झाला'. 'काय झालं?' उजाडणं, जन्मणं, वाढणं, घडणं, एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणं, सगळं एका 'होणे'त बसतं. 'खेपेर'ची व्याप्ती जवळपास तीच. चित्रलिपीत हे क्रियापद लिहायचं तर हा किडा काढायचा, कारण किड्याच्या नावात आणि क्रियापदात ख-प-र ही तीच व्यंजनं आहेत. स्वर त्या लिपीत लिहितच नसत, म्हणून 'खेपेर' हा उच्चार आपल्या सोयीचा.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं होतं. देवळाच्या भिंतीवर किडा दिसला की तिथे दर वेळी देव किंवा ताईतच असेल असं नाही. बऱ्याचदा तिथे नुसतं 'झालं' लिहिलेलं असतं.

राजांच्या नावांत तर हा किडा पदोपदी भेटतो. तुतनखामुनचं राज्याभिषेकाचं नाव नेब-खेपेरू-रा, म्हणजे साधारण 'रूपांचा स्वामी रा'. लिहिताना वर सूर्याची चकती, मध्ये किडा, त्याखाली अनेकवचनाच्या तीन रेघा आणि तळाला टोपली. टोपली म्हणजे 'नेब', स्वामी. त्याच्या दागिन्यांत ही चारही चिन्हं सोन्यात आणि रंगीत दगडांत बसवून अख्खं नाव नक्षी म्हणून वापरलं आहे. आपल्याला ते सुंदर पदक दिसतं. ज्याला लिपी येत होती तो ते वाचत होता.

५. खेप्री, रा आणि आतुम हे तीन वेगळे देव आहेत का?

सूर्य एक, अवस्था तीन. सकाळी खेप्री, म्हणजे 'होणारा'. दुपारी रा. मावळतीला म्हातारा आतुम. राजांच्या थडग्यांत रात्रीच्या बारा तासांचा प्रवास रंगवलेला असतो, त्यात शेवटच्या तासाला सूर्य किड्याच्या रूपात बाहेर पडतो. राणी नेफरतारीच्या थडग्यात खेप्री सिंहासनावर बसलेला आहे: अंग माणसाचं, आणि मुंडक्याच्या जागी चेहरा नव्हे तर अख्खा भुंगेरा, वरून पाहिल्यासारखा. पहिल्यांदा पाहिलं की जरा दचकायला होतं.

६. स्कॅरब ताईत होता की शिक्का? खालच्या सपाट बाजूला काय कोरलेलं असतं?

दोन्ही एकदम, आणि म्हणूनच तो इतका चालला. पाठीवर किडा, पोटाशी सपाट लंबगोल, लांबीच्या दिशेने आरपार भोक. दोरा ओवला की ताईत, अंगठीत बसवला की मोहोर. साधारण नखाएवढा, दीड-दोन सेंटिमीटरचा.

किड्याच्या आकाराचे ताईत इ.स.पू. २००० च्या आधीच दिसू लागतात. मध्य राज्याच्या काळात (इ.स.पू. सुमारे २०५० ते १६५०) अधिकाऱ्यांनी आपलं नाव-हुद्दा खाली कोरून घ्यायला सुरुवात केली. गाठोडं, पेटी, खोलीचं दार दोरीने बांधायचं, गाठीवर ओली चिकणमाती थापायची आणि त्यावर स्कॅरब दाबायचा. तहसील कचेरीतलं लाखेचं सील आठवा, तेच काम. आज उत्खननात स्कॅरबपेक्षा अशा मातीच्या ठशांवरून जास्त कळतं, कारण कोणता अधिकारी कुठली कोठी उघडत-बंद करत होता ते त्यातून सापडतं.

नावाशिवाय नुसत्या गोल गुंडाळ्या, फुलं, प्राणी, देवाचं नाव, 'नवं वर्ष चांगलं जावो' अशा शुभेच्छा असंही काही खाली कोरलेलं असे.

७. ते कशाचे बनवत?

बहुतेक स्टीएटाइटचे, म्हणजे आपल्या शंखजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडाचे. हा दगड सहज कोरता येतो, आणि त्यावर झिलई चढवून भट्टीत घातला की चांगला कडक होतो. निळी-हिरवी झिलई काळाच्या ओघात उडाली की पांढरट-तपकिरी दगड उरतो. फायन्स हा दुसरा स्वस्त प्रकार: वाळूतल्या गारगोटीची पूड साच्यात दाबून भाजलेली. श्रीमंतांसाठी जांभळा अ‍ॅमेथिस्ट, लाल कार्नेलियन, लाजवर्द.

८. हृदय-स्कॅरब हा काय प्रकार आहे?

हा साध्या स्कॅरबचा थोरला भाऊ. तळहातात मावेल एवढा, बहुधा हिरवट किंवा काळपट दगडाचा, ममीच्या छातीवर ठेवण्यासाठी केलेला. जिवंत माणसाने वापरायचा नाही.

कारण असं. इजिप्तच्या समजुतीत विचार, आठवणी, बरंवाईट सगळं हृदयात साठतं. म्हणून ममी करताना मेंदू काढून टाकत आणि हृदय मात्र शक्यतो आत ठेवत. मेल्यावर मृतांचा देव ओसायरिस याच्या न्यायसभेत ते हृदय तराजूच्या एका पारड्यात ठेवलं जाई, दुसऱ्या पारड्यात मात, म्हणजे सत्य आणि सुव्यवस्था, तिचं पीस. हृदय जड निघालं तर तराजूशेजारी मगरीच्या तोंडाची अम्मित ते गिळायला टपलेली.

पापांचा पाढा वाचणारा दुसरा कुणी नसला तरी हृदयाला सगळं माहीत असतं. आपण म्हणतो ना, चोराच्या मनात चांदणं. तेच मन ऐन सुनावणीत फितूर झालं तर? त्यावरचा बंदोबस्त म्हणजे हा स्कॅरब. त्याच्या पोटावर मृतांच्या ग्रंथातला, म्हणजे मृतासोबत ठेवायच्या मंत्रसंग्रहातला, ३० ब हा मंत्र कोरलेला असतो. त्याचा आशय: आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस, सभेत मला विरोध करू नकोस, तराजू राखणाऱ्यासमोर माझ्याशी वैर धरू नकोस.

म्हणजे सरळ भाषेत, साक्षीदाराला गप्प बसवणं. नीतीचा एवढा मोठा दरबार मांडायचा आणि पळवाटही दगडात कोरून सोबत द्यायची, ही इजिप्तची व्यवहारी बाजू मला फार आवडते.

ब्रिटिश म्युझियममध्ये सतराव्या राजवंशातल्या सोबेकेमसाफ राजाचा हृदय-स्कॅरब आहे. हिरवा जॅस्पर, सोन्याचं कोंदण, आणि किड्याला चक्क माणसाचा चेहरा. कोंदणावरची अक्षरं ओबडधोबड आहेत. सर्वांत जुन्या हृदय-स्कॅरबांत त्याची गणना होते.

९. मग पंख पसरलेला स्कॅरब वेगळा का?

वेगळा. तो प्राचीन इजिप्तच्या शेवटच्या शतकांतला, बहुतेक निळ्या फायन्सचा, आणि ममीवरच्या मण्यांच्या जाळीला शिवण्यासाठी कडेला भोकं असलेला. त्यावर सहसा मंत्र नसतो. हल्लीच्या दागिन्यांत हाच सर्वांत जास्त दिसतो, कारण गळ्यात शोभतो.

१०. स्कॅरबवर राजाचं नाव आहे म्हणजे तो त्याच राजाच्या काळातला, बरोबर?

इथेच भले भले फसतात. तिसऱ्या थुटमोसचं राज्य इ.स.पू. १४७९ ते १४२५. त्याचं राज्याभिषेकाचं नाव मेन-खेपेर-रा. हे नाव कोरलेले स्कॅरब तो गेल्यानंतर शेकडो वर्षं बनत राहिले, कारण नावालाच ताइताची ताकद आली होती. नावातली चिन्हं गूढ पद्धतीने वाचली तर 'आमुन' असं देवाचं नाव निघतं असंही काही अभ्यासक मानतात. शिवाय याच नावाचा एक प्रमुख पुरोहितही पुढे एकविसाव्या राजवंशाच्या काळात होऊन गेला.

शिवराईवर छत्रपतींचं नाव असलं तरी ते नाणं महाराजांनंतरही दीर्घकाळ पाडलं जात होतं, तसंच हे. काळ ठरवायचा तो डोक्याचा आकार, पाठीवरच्या रेघा, पायांची घडण आणि मुख्य म्हणजे कुठल्या थरात सापडला यावरून. थर माहीत नसेल तर नुसत्या नावावर विसंबू नये.

११. तिसऱ्या आमेनहोतेपचे 'बातमीपत्री' स्कॅरब म्हणजे काय?

तुतनखामुनचा हा बहुधा आजोबा. त्याने मोठे, हातात धरून वाचण्याजोगे स्कॅरब काढले आणि पोटावर सरकारी बातमी छापल्यासारखा मजकूर कोरून सगळीकडे पाठवला. आज असे दोनशेहून अधिक माहीत आहेत, विषय पाच. एकावर राणी तिये आणि तिच्या आईवडलांची नावं, जी राजघराण्यातली नव्हती. एकावर रानबैलांची शिकार: १७० पैकी ९६. एकावर राज्याच्या पहिल्या दहा वर्षांत राजाने स्वतःच्या बाणांनी १०२ सिंह मारल्याचा दावा. एकावर तियेसाठी खोदलेला तलाव. आणि एकावर दहाव्या वर्षी मितन्नीच्या राजाची मुलगी गिलुखेपा ३१७ स्त्रियांच्या लवाजम्यासह आल्याची बातमी. मजा म्हणजे या सवतीच्या बातमीतही तियेचं नाव आधी घेतलं आहे.

१२. तुतनखामुनच्या पदकातला पिवळा स्कॅरब कोणत्या रत्नाचा आहे?

रत्नाचा नाही, काचेचा. तुतनखामुनचं थडगं शोधणारे हॉवर्ड कार्टर यांनी तो कॅल्सेडनी हा रत्नाचा दगड समजून नोंदवला. १९९० च्या दशकात तपासल्यावर कळलं की ती लिबियाच्या वाळवंटातली नैसर्गिक काच आहे. सुमारे २ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी, बहुधा उल्केच्या आघाताने, वाळू वितळून ती तयार झाली. नाईलपासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला, ओसाड वाळूत तिचे तुकडे पडलेले असतात. सूर्याच्या किड्यासाठी आकाशातून पडलेल्या आगीची काच, हे जाणून केलेलं नसणार. तरी योग जुळला आहे खरा.

१३. कर्नाकच्या मोठ्या स्कॅरबला सात फेऱ्या मारल्या की लग्न जमतं, हे खरं का?

कर्नाक म्हणजे लक्सरचा मोठा मंदिरसमूह. तिथल्या पवित्र तलावाच्या काठी चौथऱ्यावर जो दगडी भुंगेरा आहे तो तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातला. त्याभोवती पर्यटक सतत गरगरत असतात. गाईडप्रमाणे फेऱ्यांचा आकडा आणि फळ बदलतं: कुठे नशीब, कुठे लग्न, कुठे मूल. ही प्रथा पर्यटनाच्या धंद्यातली आहे, प्राचीन नाही. आपल्या लोकांना प्रदक्षिणेचा सराव असल्याने आपण चटकन रांगेत लागतो. फक्त गाईड बऱ्याचदा घड्याळाच्या उलट दिशेने फिरायला सांगतो आणि आपले पाय आपोआप दुसरीकडे वळतात. मग मध्येच टक्कर होते.

१४. सिनेमात दाखवतात तसे हे किडे माणूस खातात का?

नाही. शेण खातात. मुलांना निर्धास्त झोपू द्या.

१५. किड्यांच्याही ममी करत का?

करत. २०१८ साली कैरोजवळच्या साक्कारा या प्राचीन दफनभूमीत चुनखडीच्या दगडी पेटीत कापडात गुंडाळलेले दोन मोठे शेणकिडे सापडले, पेटीच्या झाकणावर किड्यांचीच चित्रं. मांजरं, पक्षी, मगरी यांच्या ममी शेकड्यांनी मिळतात, किड्यांच्या क्वचित.

१६. 'रा' म्हणजे आपला 'रवी' का? या किड्याचा भारताशी काही संबंध?

'रा' आणि 'रवी' यांचा संबंध नाही. दोन भाषांत एखादं अक्षर जुळणं ही योगायोगाची गोष्ट. आपल्याकडच्या माळरानावर गुरांच्या वाटेला गोळी ढकलणारे शेणकिडे दिसतात, पण त्यांना इथे कुणी देव मानल्याचं ऐकिवात नाही.

खरा धागा भलतीकडेच सापडतो, प्रश्न ११ मधल्या लग्नाच्या बातमीत. गिलुखेपाचा बाप मितन्नीचा राजा शुत्तर्ण. मितन्नी हे आजच्या उत्तर सीरियाच्या भागातलं राज्य. तिथल्या राजांची नावं इंडो-आर्य वळणाची, आणि पुढे हित्ती (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन राज्य) राजाशी केलेल्या तहात त्यांनी साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना बोलावलं. म्हणजे वेदातल्या देवांची नावं घेणाऱ्या दरबारातली लेक इजिप्तला दिली गेली, आणि ती पोचल्याची बातमी शेणकिड्याच्या पोटावर कोरली गेली. यापलीकडे कुणी 'इजिप्तची संस्कृती आपलीच' असं सांगू लागला तर पुढचा फॉरवर्ड वाचा.

१७. लक्सरहून आणलेला स्कॅरब खरा आहे का? फोटो पाठवतो.

फोटो न पाहताच सांगतो: नसणार. आणि खरा असेल तर जास्त पंचाईत. इजिप्तमध्ये १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने प्राचीन वस्तूंची खरेदी-विक्री आणि निर्यात बंद झाली. म्हणजे खरा असला तर तो चोरीचा.

माझ्या टेबलावरही एक आहे. विकणाऱ्याने तो कानाशी येऊन, इकडेतिकडे बघत, 'थडग्यातला' म्हणून दिला. मला खोटा आहे हे कळत होतं, तरी त्या नाटकाचे पैसे म्हणून घेतला. भोक बघितलं तर आत यंत्राच्या ड्रिलच्या सारख्या, ताज्या रेघा. अस्सल जुन्या भोकाची तोंडं दोऱ्याने झिजून गुळगुळीत होतात. खालचा मजकूर म्हणजे पक्षी, डोळा, पुन्हा पक्षी, अर्थ शून्य.

पण निरर्थक मजकूर एवढ्या एकाच खुणेवर निकाल देऊ नका. इ.स.पू. सहाव्या शतकात नाईलच्या त्रिभुज प्रदेशात नॉक्रेटिस या ग्रीक व्यापारी गावात स्कॅरबचा कारखानाच होता. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना तो साच्यांसकट सापडला. तिथला माल परदेशी जाई आणि त्यावरची चित्रलिपी बरेचदा अशीच निरर्थक असे. म्हणजे अर्थहीन स्कॅरबही अडीच हजार वर्षं जुना निघू शकतो.

१८. अंगठीत किंवा गळ्यात स्कॅरब घातला तर अशुभ का? तो मृतांचा ताईत ना?

मृतांचा तो हृदय-स्कॅरब (प्रश्न ८). नखाएवढे छोटे स्कॅरब जिवंत माणसं रोज वापरत, बायका-पुरुष सगळे. त्यामुळे खुशाल घाला. टॅटू काढणाऱ्यांनी फक्त एवढं पाहावं की किड्याखाली हौसेने कोरून घेतलेली ओळ ३० ब मंत्राची नाही ना. दंडावर 'माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस' असं आयुष्यभर वागवायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

अंगठी घेणार असाल तर जुन्या पद्धतीची शोधा. त्यात स्कॅरब पक्का बसवलेला नसतो. आरपार भोकातून तार घालून तो तारेवर फिरता ठेवलेला असतो. एरवी किडा वर आणि नाव आत, बोटाला टेकलेलं. मोहोर करायची वेळ आली की अंगठ्याने उलटा करायचा.